न पाहिलेल्या शहराची पत्रं

ताई,

मंगळवारी सकाळी सातला फोन वाजला तेव्हा मी अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. तिकडचा नंबर पाहून वाटलं, तूच. रविवारचा फोन या वेळी चुकला होता, तो आता करते आहेस. उचलल्या उचलल्या मी विचारलं, "रविवारी कुठं गेलती?"  पलीकडून कुलवंतचा आवाज आला.

तुझ्याबरोबर काम करणारी कुलवंत. मी तिकडं आले त्या उन्हाळ्यात मला पराठे खाऊ घालणारी, माझ्याशी हिंदीत बोलणारी तिथली एकटीच. कसं झालं ते तिनं दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मला कळलं नाही. एवढंच कळलं की तू गेलीस. मी नळ बंद केला नव्हता. शेजारच्या वहिनीनं येऊन तो बंद केला.

मला तिकडं येता आलं नाही. व्हिसाला महिना लागतो म्हणे. तुझं सगळं तिथल्या लोकांनी केलं, मी इथं वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या दोन खोल्यांत बसून. माय गेली तेव्हा तू नव्हतीस म्हणून मी तुला काय काय बोलले, ते आता एकेक करून मलाच ऐकू येतं.

घरात बोलायला कोणी नाही. म्हणून लिहिते. नाहीतरी आपलं दोघींचं खरं बोलणं फार कमी झालं. पत्रं मात्र पुष्कळ झाली.

तुझी पत्रं यायची तेव्हा मी अन् माय गावी, हिंगणीत होतो. लग्न मोडल्यावर तू मस्कतला गेलीस, तिथून कॅनडाला, मॉन्ट्रियलला. मी इथंच राहिले, मास्तरीण झाले, माय सांभाळली. आपल्या दोघींचं हे असं वाटप कोणी केलं नव्हतं, आपोआप झालं. महिन्या-दीड महिन्यानं निळं पातळ पत्र यायचं. मायला वाचता येत नव्हतं. दुपारी जेवणं झाली की ती ओसरीवर बसायची, शेजारच्या दोघी-तिघी यायच्या आणि मी वर्गात धडा वाचावा तसं मोठ्यानं वाचायची.

त्या पत्रांमुळं हिंगणीतल्या बायकांना मॉन्ट्रियल वर्ध्यापेक्षा जास्त माहीत झालं. शहराच्या मधोमध डोंगर आहे. नदी एवढी रुंद की पलीकडचा माणूस दिसत नाही. उन्हाळा आला की तिथले लोक वेडे होतात, कारण तो चारच महिने असतो. मोठाले रस्ते गाड्यांना बंद करतात आणि मधोमध मांडव घालून गाणं-बजावणं चालतं, तेही फुकट. जुन्या बंदरावर दगडी गल्ल्यांतून घोड्याच्या बग्ग्या फिरतात. नदीवर आतषबाजी होते. एका चर्चच्या पायऱ्या लोक गुडघ्यांवर चढतात. माय मधेच थांबवायची आणि विचारायची, "बोरीपेक्षा मोठी हाये का थे नदी?" मी म्हणायची, बोर धरणासारखी शंभर धरणं त्यात जातील. मग ती त्या बायकांकडं पाहायची. "माह्या पोरीनं सगळं पाह्यलं," म्हणायची.

ते तिचं वैभव होतं, ताई. दुसरं काही नव्हतं.

मी तुझ्याकडं आले तेव्हा मायला जाऊन तीन वर्षं झाली होती. तू तिच्या मातीला आली नव्हतीस, नंतरही आली नव्हतीस. मी दोन वर्षं तुझ्याशी धड बोलले नाही. मग तू तिकीटच पाठवलंस, आणि पत्रात एकच ओळ: "उन्हाळ्यात येजो, उन्हाळा चांगला असते." मी शाळेची सुट्टी अन् वर रजा जोडली आणि आले. तुझ्याशी भांडायचं ठरवूनच आले होते.

विमानतळावर तू मला आधी ओळखलंस. मी तुला ओळखलं नाही. केस आखूड, अंगात निळा कोट, आणि चालताना डाव्या पायावर भार देणारी ही बाई माझी ताई आहे हे कळायला वेळ लागला. तू जवळ घेतलंस तेव्हा तुझ्या अंगाला दवाखान्यासारखा वास होता.

तुझं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि जिना घराच्या बाहेर, लोखंडी, गोल फिरत जाणारा. त्या गल्लीत सगळ्याच घरांचे जिने असे रस्त्यावर आलेले. मी म्हटलं, हे तू कधी लिहिलं नाहीस. तू हसलीस. म्हणालीस की रोज चढावं लागतं ते कोण लिहिते.

चौथ्या दिवशी आपण बंदरावर निघालो. तू तीन आठवड्यांची रजा काढली होतीस. सकाळपासून नटूनथटून तयार, पर्समध्ये पाण्याची बाटली, दशम्या. आणि मेट्रोतून वर आल्यावर तू चौकात उभी राहिलीस आणि डावीकडं पाहिलंस, मग उजवीकडं. एका मुलीला विचारलंस. ती बोट दाखवून गेली. पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा विचारलंस. मला वाटलं, रस्ते बदलले असतील. पण मग दगडी गल्ली आली, बग्गीची घोडी उभी दिसली, आणि तू माझा हात धरलास. लहानपणी जत्रेत मी तुझा धरायची तसा. बोटीत बसल्यावर तू कठड्याला टेकून पाण्याकडं पाहत राहिलीस. मी तुला काही दाखवायला वळले तर तुझं तोंड उघडं होतं. मी शाळेत शिकवते, ताई. पहिल्यांदा काही पाहणारं तोंड कसं असतं ते मला कळतं.

दोन दिवसांनी तू भाजी आणायला गेलीस आणि मी सुई शोधत तुझं कपाट उघडलं. खाली बुटाचा खोका होता. त्यात पर्यटकांना फुकट वाटतात ती रंगीत पत्रकं, वर्षवार दोऱ्यानं बांधलेली. डोंगर, बंदर, बाग, चर्च, आतषबाजी. सगळी फ्रेंचमध्ये. आणि शब्दाशब्दावर पेन्सिलनं तुझ्या अक्षरात मराठी अर्थ. एका पत्रकात नदीच्या चित्राखाली तू लिहिलं होतंस, "रुंद. पलीकडचा माणूस दिसत नाही."

मी खोका होता तसा ठेवला. तू आलीस, आपण भेंडी चिरली. खोक्याचं मी मनात ठेवलं.

चर्चला गेलो तो दिवस मी विसरणार नाही. तीनशेच्या आसपास पायऱ्या, आणि मधल्या लाकडी पायऱ्या गुडघ्यांवर चढणाऱ्यांसाठी राखलेल्या. मी तिथंही कुरकुर केली. आपल्या बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव-देवळं सगळी मागं सोडली, आणि आपण एवढ्या लांब येऊन पायऱ्या मोजायच्या का, असं काहीतरी. तू म्हणालीस, "देवाले नाई आलो वं. बाई कशी चढते थे पाहू."

खरंच एक म्हातारी चढत होती. काळा झगा, हातात जपमाळ. अर्ध्यात आली आणि अडकली. वरही जाता येईना, खालीही येता येईना. लोक बाजूनं पाहत होते. तू गेलीस. तिच्याशी फ्रेंचमध्ये बोललीस, इतकं सहज की मला तुझा आवाज ओळखू येईना. एक हात तिच्या काखेखाली, दुसरा कमरेला, तुझा गुडघा तिच्या गुडघ्याला टेकवून, एका झटक्यात तू तिला उभी केलीस. तिला कुठं दुखलंही नाही. तिनं तुझा गाल कुरवाळला. आणि मला कळलं की कामावर म्हाताऱ्यांना उचलणं-बसवणं, हेच तू रोज करतेस. दिवसातून वीस वेळा करतेस. माय ज्या बायकांना सांगायची, "माही पोरगी तिथं मोठी सिस्टर हाये," त्या बायकांना कळलं नसतं, पण मला कळलं.

मी तेव्हा तुझा हात धरायला हवा होता. मी पुढच्या रविवारची वाट पाहिली.

त्या डोंगराच्या पायथ्याशी उन्हाळ्यात दर रविवारी लोक ढोल घेऊन जमतात. कोणी बोलावत नाही, कोणी थांबवत नाही. काळे, गोरे, जटावाले, म्हातारे, पोराबाळांच्या आया. शेकडो ढोल एकाच वेळी. आपण गवतावर चादर टाकून बसलो होतो. तू खूश होतीस, मांडीवर बोटांनी ताल धरत होतीस. आणि मी म्हटलं, "तुया खोका पाह्यला म्या."

तुझी बोटं थांबली.

मग मी बोलत सुटले. तू यातलं काही पाहिलं नव्हतंस. बारा वर्षं तू मायला खोटं लिहिलंस. ती ते खरं मानून गावभर सांगत राहिली. तिच्या मातीला आली नाहीस, पण पत्रं मात्र रंगवत राहिलीस. शेवटी मी म्हटलं, "तू मायले फसवलं, ताई."

 ढोल चालूच होते. मग तू गवताकडं पाहत म्हणालीस, "माय दर पत्रात विचारे, काय काय पाह्यलं म्हणून. काय लिहू म्या? म्हाताऱ्याईच्या चादरी बदलून राह्यली, असं लिहू?"

मी म्हटलं, जाऊन पाहायचं होतं मग. एवढं सगळं फुकट आहे, एक रविवार जायचं होतं.

"एकटीनं पाह्यलं तं सांगाचं कोणाले?"

मी दुसरंच विचारलं. मातीला काऊन नाई आली? तू मान हलवलीस.  मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि तू उठलीस, चादर झटकलीस आणि घडी घालायला तिचं एक टोक माझ्या हातात दिलंस. तो प्रश्न तिथंच राहिला, ताई. मी फोनवर कधी विचारला नाही, तू कधी काढला नाहीस. मला आजही वाटतं तू यायला हवं होतं. तू गेलीस म्हणून मी माझं म्हणणं मागं घेत नाही.

पण माझं एक खोटं होतं. ते मी त्या गवतावर सांगितलं नाही, आणि ते न सांगता तुला फसवी म्हटलं.

मायच्या शेवटच्या हिवाळ्यात तुझं पत्र चार महिने आलं नव्हतं. तू तेव्हा नर्सिंगसाठी लागणाऱ्या फ्रेंचच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसली होतीस, हे मला कुलवंतकडून फार नंतर कळलं. मायला मी इथं सिंदी मेघेत आणलं होतं. ती खाटेवरून रोज दुपारी विचारायची, "पत्र आलं?" मी नाही म्हणायची. नवव्या-दहाव्या दिवशी ती विचारायची थांबली, आणि तिचं ते थांबणं मला सहन झालं नाही. मी तुझं जुनं निळं पाकीट घेतलं, आत शाळेच्या उत्तरपत्रिकेचा कोरा कागद घातला, तिच्या उशाशी बसले आणि वाचायला लागले. कोऱ्या कागदावरून. तू घोड्याच्या बग्गीत बसलीस. तू बागेत गेलीस, तिथं गुलाबांचेच हजार वाफे. नदीवरचं बर्फ फुटलं आणि सगळं शहर ते पाहायला काठावर आलं. माय डोळे मिटून ऐकायची, मधेच म्हणायची, "सावकाश वाच."

अशी तीन पत्रं मी वाचली. तिसऱ्यानंतर आठ दिवसांनी ती गेली.

म्हणजे मायनं ऐकलेलं शेवटचं मॉन्ट्रियल तुझं नव्हतं. माझं होतं. आणि तेही मी पाहिलेलं नव्हतं. हे मी त्या रविवारी बोलले असते तर तू कदाचित हसली असतीस. कदाचित रडली असतीस. माझ्या प्रश्नाचं उत्तरही दिलं असतंस. मी गप्प राहिले, कारण तेव्हा मला बरोबर असायचं होतं.

आणि तरी पुढचे पाच आठवडे तू मला किती दिलंस. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू चहा केलास आणि पत्रकांचा खोका टेबलावर आणून ठेवलास. म्हणालीस, "चाल. आता सगळं पाहून घेऊ." आणि आपण एकेक पत्रक घेऊन निघायचो. रजा संपल्यावरही तुझी पाळी सुटली की मी दारात तयार असायची, कारण तिथं रात्री पावणेनऊपर्यंत ऊन असतं. बागेत तू प्रत्येक झाडाची पाटी वाचलीस. आतषबाजी पुलावरून पाहिली. जुलैच्या पहिल्या तारखेला तर सारं शहरच घरं बदलतं म्हणे, सगळ्यांचे भाडेकरार एकाच दिवशी संपतात. गल्लीभर पलंग, फ्रिज, गाद्या जिन्यांवरून उतरत होत्या, आणि नको असलेलं लोक रस्त्याच्या कडेला सोडून जात होते. तू एक लाकडी आरामखुर्ची हेरलीस. आपण दोघींनी ती तीन मजले वर नेली, दर वळणावर अडकली, दर वळणावर तू हसून हसून खाली बसलीस.

आणि तो मांडव. बंद केलेला रस्ता, लाखभर माणसं, कोणीतरी तुतारीसारखं पितळी वाद्य वाजवत होतं. तू चपला काढून हातात घेतल्यास आणि नाचलीस. पन्नाशीची बाई, डावा पाय दुखणारी. एक गोरा म्हातारा तुझ्यासमोर नाचायला लागला. तू लाजली नाहीस. मी लाजले. तू मला ओढलंस, मी गेले नाही, पर्स धरून उभी राहिले. तुझी खूप चित्रं मनात आहेत, पण डोळे मिटले की तीच तू येतेस, हातात चपला घेतलेली.

मी परत आले. हिंगणीला गेले तेव्हा बायकांनी घेरलं, ताईनं सगळं दाखवलं का विचारलं. मी सांगितलं, तिला तिथली गल्ली न गल्ली पाठ आहे. कोणाला खरं सांगितलं नाही.

त्यानंतर दर मे महिन्यात तुझा फोन. "औंदा येजो." आणि दर मे महिन्यात माझं काहीतरी. जनगणनेचं काम, गुडघे, घराचं छत. खरं कारण एवढंच की त्या गवतावर पुन्हा बसलो असतो तर मला बोलावं लागलं असतं. तू कधी रागावली नाहीस. "मंग पुढच्या साली," म्हणायचीस, आणि मग गप्प. तुझी ती गप्प बसण्याची जागा आता रोज संध्याकाळी माझ्या घरात येऊन बसते.

शुक्रवारी कुलवंतनं पुन्हा फोन केला. मला माहीत नसलेली एक गोष्ट तिनं सांगितली. मी परत आल्यानंतरच्या उन्हाळ्यापासून, तुमच्या कामावर कोणी नवी बाई आली, श्रीलंकेची, हैतीची, आपल्या पंजाबची, की तू तिला पहिल्या रविवारी गाठायचीस. दशम्या घेऊन. डोंगर, बंदर, बाग. प्रत्येकीला सांगायचीस, घरी पत्र लिहायच्या आधी पाहून घे. कुलवंत म्हणाली, पहिली तीच. दहा वर्षं त्या शहरात राहून तीही नदीपर्यंत गेली नव्हती.

तू मला हे फोनवर कधी सांगितलं नाहीस. मी विचारलंच नाही, रविवारी दिवसभर काय करते म्हणून.

त्या सगळ्या मिळून रविवारी सकाळी तुझ्या अस्थी घेऊन नदीवर जाणार होत्या. कुलवंतनं विचारलं, तुमच्यात काय म्हणतात, आम्हाला येत नाही. मी म्हटलं, मी म्हणते, तुम्ही मागून म्हणा.

रविवारी इथं संध्याकाळचे साडेसात वाजले होते, दिवे गेलेले. मी अंगणात खुर्ची टाकून बसले. फोन आला. आधी नुसता वारा ऐकू आला, मग बायकांचे आवाज. मी त्रिशरण म्हटलं, तुकड्या-तुकड्यानं, थांबत. सात बायका माझ्यामागून म्हणत होत्या. कोणाचा उच्चार फ्रेंचसारखा, कोणाचा तमिळसारखा. एकीला हुंदका आला, तिच्यासाठी आम्ही सगळ्या थांबलो. मग पंचशील म्हटलं. मग कुलवंत म्हणाली की आता सोडतो आहोत, आणि तुम्हाला काही बोलायचं असेल तर बोला, मी फोन पाण्याकडं धरते.

मी आपल्या बोलीत बोलले. तिथं कोणाला कळणार नव्हतंच. "ताई," म्हटलं, "मायची शेवटची तीन पत्रं तुयी नव्हती. म्या वाचली, कोऱ्या कागदावरून. तुले खोटी म्हटलं, अन् मीच खोटी होती."

थोड्या वेळानं कुलवंतचा आवाज आला. "दीदी, हवा बहुत है यहाँ. कुछ सुनाई नहीं दिया."

शेजारची वहिनी मेणबत्ती घेऊन भिंतीपाशी आली होती आणि थबकून माझ्याकडं पाहत होती. मी तिला थांब म्हणून हात केला, फोन तोंडाजवळ घेतला आणि कुलवंतला म्हटलं, पुन्हा धर.

मग मी ते सगळं पहिल्यापासून, मोठ्यानं सांगितलं.